मिशीवाली आई

(लहान मुलांना गोष्टींची गोडी लावून पुस्तकांपर्यंत नेणारे गुजरातमधील शिक्षक गिजुभाई बधेका यांची ही जीवनकथा आहे. मूल स्वतःहून केव्हा वाचू लागते, हे या पाठातून समजते.)

मुलांनो, आई म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते? जेवू घालणारी, आजारपणात उशाशी बसणारी, रात्री कहाणी सांगणारी तुमची अम्मी. अशा आईला मिश्या आहेत असे कोणी सांगितले, तर तुम्ही पोट धरून हसाल. पण गुजरातमधल्या भावनगर शहरात अशी एक आई खरोखरच होऊन गेली. तिच्या मिश्या चांगल्या भरघोस होत्या. लहान लहान मुले तिच्याभोवती गोळा होत आणि गोष्ट ऐकताना घरची आठवणही विसरत. लोक तिला प्रेमाने मूछाळी मा म्हणत. मूछाळी मा म्हणजे मिशीवाली आई.

ही मिशीवाली आई म्हणजे गिजुभाई बधेका. ते आधी वकील होते, नंतर शिक्षक झाले. पुस्तक पाहताच मुले दूर का पळतात, हा प्रश्न त्यांना पडला. मुलांनी कोणी न सांगता, आपल्या आनंदासाठी पुस्तक उघडावे म्हणून काय करावे, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला.

गिजुभाईंचे पूर्ण नाव गिरिजाशंकर भगवानजी बधेका. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितल या गावी झाला. त्यांचे बालपण वळा या गावात गेले. या गावाला आता वल्लभीपूर म्हणतात. तेथेच ते शाळेत जाऊ लागले.

त्या काळची शाळा कशी होती, हे तुम्हांला ठाऊक आहे का? मास्तरांच्या हातात छडी असे. पाढे चुकले की छडी, शब्द अडला की छडी. मुले मोठ्याने घोकत. जे घोकत त्याचा अर्थ समजलाच पाहिजे, असे कोणाला वाटत नसे. शाळेत निघालेले मूल वाटेतच कोठेतरी लपून बसे. मग दुसरी मुले त्याला शोधून, हातपाय धरून, उचलून शाळेत आणत. अशा शाळेत पुस्तक म्हणजे माराचे निमित्त असे. पुस्तक उघडले की पोटात गोळा येई. ज्या वस्तूची भीती वाटते, तिच्यावर प्रेम कसे बसेल?

पुढे गिजुभाई शिक्षणासाठी भावनगरला गेले. त्यांनी कॉलेजात नाव घातले, पण ते शिक्षण पुरे झाले नाही. घरची परिस्थिती बेताची होती. पोटापाण्यासाठी १९०७ मध्ये ते समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेले. दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, ते परत आले. मग त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि सौराष्ट्रातील वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिलीत त्यांचा जम बसू लागला. हाती पैसा येऊ लागला. आता सुखाचे दिवस आले, असे कोणालाही वाटले असते.

१९१३ मध्ये त्यांच्या घरी मुलगा जन्मला. त्याचे नाव नरेंद्र. बाळ हसू लागले, रांगू लागले, हाताला लागेल ते उचलून पाहू लागले. त्याला पाहता पाहता गिजुभाईंच्या मनात एक चिंता शिरली. उद्या हे बाळ कोणत्या शाळेत जाईल? आपण ज्या छडीला घाबरलो, तीच छडी याच्याही वाट्याला येणार का? आज हा सारे जग डोळे विस्फारून पाहतो आहे. शाळेत गेल्यावर याची ही हौस मरून जाणार का?

मुलांनो, अशी चिंता पुष्कळ बापांना वाटते. पण बहुतेक जण जगाची रीतच अशी आहे, असे म्हणून गप्प बसतात. गिजुभाई गप्प बसले नाहीत. ते चांगल्या शाळेच्या शोधात निघाले. गुजरातमध्ये वसो नावाचे गाव आहे. तेथे मोतीभाई अमीन नावाचे थोर शिक्षक राहत. गावोगावी वाचनालये निघावीत म्हणून ते झटत असत. त्यांनी गिजुभाईंच्या हाती एक पुस्तक ठेवले. ते पुस्तक इटलीतील डॉक्टर मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीविषयी होते.

माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोम शहरात गरीब कामगारांच्या मुलांसाठी एक शाळा उघडली होती. तिला त्या बालकांचे घर म्हणत. तेथे मारणे नव्हते आणि बक्षिसाचे आमिषही नव्हते. मुले हातांनी वस्तू हाताळून शिकत. प्रत्येक मूल आपल्याला हवे ते काम निवडी आणि आपल्या गतीने ते पुरे करी. गिजुभाईंनी ते पुस्तक वाचले आणि आपल्याला हवी असलेली वाट सापडली, असे त्यांना वाटले. पाहा, एका पुस्तकाने एका माणसाचे आयुष्य कसे बदलले! पुढे तोच माणूस हजारो मुलांच्या हाती पुस्तके देणार होता.

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची शिक्षणसंस्था होती. नानाभाई भट्ट यांनी ती १९१० मध्ये स्थापन केली होती. १९१६ मध्ये गिजुभाईंनी वकिली सोडली आणि ते या संस्थेत काम करू लागले. कोठे वकिलीची कमाई आणि कोठे शिक्षकाचा तुटपुंजा पगार! पण गिजुभाईंचा निश्चय झाला होता.

सुरुवातीला ते मोठ्या मुलांना शिकवत. शिकवता शिकवता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. ही मुले त्यांच्याकडे येत, तेव्हा त्यांच्या मनात भीती आणि कंटाळा आधीच मुरलेला असे. रोपटे लहान असतानाच वाकडे झाले, तर झाड झाल्यावर ते कसे सरळ होणार? म्हणून अगदी लहान मुलांपासून सुरुवात केली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी संस्थेतील सहकाऱ्यांना हे पटवून दिले. १ ऑगस्ट १९२० रोजी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू झाले. अडीच-तीन वर्षांपासूनची मुले तेथे येऊ लागली. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, तख्तेश्वर टेकडीवर बालमंदिराची स्वतःची इमारत उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधींनी केले.

या बालमंदिरात मुले गात, नाचत, चित्रे काढत, झाडांना पाणी घालत. स्वतः झाडत, स्वतः भांडी मांडत. कोणी कोणाला मारत नसे. पण मग ती लिहायला आणि वाचायला कशी शिकत?

त्यासाठी माँटेसरीबाईंची एक सुंदर युक्ती होती. सुतार लाकूड घासण्यासाठी खरखरीत पॉलिश पेपर वापरतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्या कागदाची मोठी मोठी अक्षरे कापून गुळगुळीत पाटीवर चिकटवत. मूल त्या अक्षरावरून आपले बोट फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा आवाज तोंडाने काढी. डोळ्यांनी अक्षर दिसे, बोटाला ते जाणवे आणि कानाला ते ऐकू येई. खेळता खेळता अक्षर मनात बसे. मग मुलांना सुटी अक्षरे देत. ती जवळ जवळ मांडून मूल एखादा शब्द तयार करी. आपण मांडलेल्या अक्षरांतून आपलाच शब्द निघाला, हे पाहून त्याला किती आनंद होत असेल! नंतर लहान चिठ्ठ्या येत. चिठ्ठीवर एखाद्या वस्तूचे नाव असे. मुलाने ती वाचायची आणि ती वस्तू शोधून तिच्याजवळ चिठ्ठी ठेवायची. वाचले की काहीतरी घडते, वाचण्यात अर्थ आहे, हे त्याला अशा रीतीने कळे. गिजुभाईंनी ही पद्धत गुजराती अक्षरांसाठी वापरली.

पण मुलांनो, अक्षरे ओळखता येणे आणि वाचनाची आवड असणे या दोन गोष्टी एक नाहीत. तुम्हांलाही याचा अनुभव असेल. दुकानावरची पाटी सर्वांना वाचता येते, पण सुट्टीच्या दिवशी पुस्तक घेऊन बसणारे किती जण असतात? चावी हाती आली म्हणून कोणी घरात जातोच असे नाही. घरात काहीतरी छान आहे, असे वाटले तरच तो दार उघडतो. गिजुभाईंना हे कळले होते. म्हणून अक्षरांच्याही आधी त्यांनी मुलांना गोष्टी दिल्या.

गिजुभाई गोष्ट सांगायला बसले की मुले त्यांना चिकटून बसत. राजाराणीच्या गोष्टी, चिमणीकावळ्याच्या गोष्टी, वाण्याच्या, शेतकऱ्याच्या, चोराच्या गोष्टी. गुजरातमधील आज्या आपल्या नातवंडांना ज्या लोककथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या होत्या, त्या त्यांनी गोळा केल्या आणि मुलांना समजेल अशा सोप्या बोलीत लिहून काढल्या.

त्यांतली दला तरवाडीची गोष्ट गुजरातमध्ये घरोघरी माहीत आहे. तरवाडीच्या बायकोला वांगी फार आवडत. तरवाडी दुसऱ्याच्या मळ्यात गेला. मालक तेथे नव्हता. मग त्याने मळ्यालाच विचारले, की मी दोनचार वांगी घेऊ का? मळा कसा बोलणार? म्हणून मळ्याच्या वतीने तरवाडीनेच उत्तर दिले, की दोनचार कशाला, चांगली दहाबारा घे! अशी परवानगी घेऊन तो रोज वांगी नेऊ लागला. एक दिवस मालकाने त्याला पकडले आणि विहिरीवर नेले. मालकाने विहिरीला विचारले, की याला दोनचार बुचकळ्या देऊ का? आणि विहिरीच्या वतीने मालकानेच उत्तर दिले, की दोनचार कशाला, दहाबारा दे! पुढे तरवाडीचे काय झाले असेल, ते सांगायला हवे का?

ही गोष्ट ऐकून मुले खदखदा हसत. या गोष्टीपासून तुम्ही काय शिकलात, असे गिजुभाई लगेच विचारत नसत. गोष्ट आनंदासाठी असते, असे त्यांचे मत होते. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी उपदेशाचे शेपूट जोडले, तर मुलांना गोष्टीचाही कंटाळा येतो. चोरी करू नये हे मूल त्या हसण्यातूनच समजून घेते. गोष्ट कशी निवडावी, कशी सांगावी, कोणत्या वयाच्या मुलाला कोणती गोष्ट आवडते, या सगळ्याचा त्यांनी खोल विचार केला. त्या विषयावर त्यांनी १९२५ मध्ये एक मोठा ग्रंथच लिहिला. गोष्ट सांगणे ही दोन घटकांची करमणूक आहे, असे लोक समजत. गिजुभाईंनी तिचे शास्त्र केले.

गोष्टीतून पुस्तकाकडे जाणारी वाट आपोआप तयार होते. मुलाला गोष्टीची चटक लागली की त्याला आणखी गोष्टी हव्या असतात. सांगणारा मात्र सारा वेळ जवळ नसतो. मग जी गोष्ट काल कानांनी ऐकली, तीच पुस्तकात छापलेली आहे असे त्याला दिसते. गोष्ट ओळखीची असल्यामुळे शब्द फारसे अडत नाहीत. एखादा शब्द अडला, तरी पुढे काय आहे हे ठाऊक असते. अशी एकदोन पुस्तके वाचून झाली की मूल न ऐकलेली गोष्टही वाचून पाहते. त्या दिवसापासून त्याला वाचनासाठी कोणाच्या मदतीची गरज राहत नाही.

पण त्या काळी गुजरातीत लहान मुलांची पुस्तके फारच थोडी होती. मुलांना वाचा म्हणायचे आणि त्यांच्या हाती मोठ्यांची जाड पुस्तके द्यायची, हे कसे चालेल? म्हणून गिजुभाई स्वतः लिहू लागले. त्यांनी छोटी छोटी पुस्तके तयार केली. एका बैठकीत संपणारी, बोलल्यासारख्या भाषेतली. गोष्टी, गाणी, नाटुकली, प्राण्यांची आणि पक्ष्यांची माहिती, प्रवासवर्णने, असे सर्व प्रकार त्यांत होते. मुलांसाठी आणि शिक्षक-पालकांसाठी त्यांनी लिहिलेल्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या आसपास जाते.

मुलांनो, गिजुभाईंचे एक पुस्तक भारतभर प्रसिद्ध आहे. त्याचे नाव ‘दिवास्वप्न’. दिवास्वप्न म्हणजे जागेपणी पाहिलेले स्वप्न. १९३१-३२ च्या सुमारास ते प्रसिद्ध झाले. पुढे अनेक भारतीय भाषांत त्याचे अनुवाद झाले. ही एका शिक्षकाची काल्पनिक कथा आहे, पण ती गिजुभाईंच्या अनुभवांतून उतरली आहे.

या कथेतील शिक्षक शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोग करण्यासाठी एक वर्ग मागतो. त्याला चौथीचा वर्ग मिळतो. मुदत एका वर्षाची. वर्षाच्या शेवटी परीक्षा होणार असते. शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात जातो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवायला पाहतो. सर्वांनी डोळे मिटून अगदी गप्प बसायचे, असा तो खेळ. पण मुले कशाची गप्प बसतात! कोणी पाय आपटतो, कोणी हसतो, कोणी ओरडतो. सारा बेत फसतो. शिक्षक मुलांना घरी पाठवून देतो. मुख्याध्यापक नाराज होतात. इतर शिक्षक हसतात. शिक्षक रात्री विचार करत बसतो. घरी बसून केलेल्या कल्पना वेगळ्या आणि समोरची मुले वेगळी, हे त्याला उमगते.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात येतो आणि एका राजाची गोष्ट सुरू करतो. काय आश्चर्य! जी मुले काल एक क्षण गप्प बसत नव्हती, ती आज श्वास रोखून ऐकू लागतात. घंटा होते, तरी कोणी उठत नाही. गोष्ट लांबत जाते. दुसऱ्या दिवशी गोष्टीचा पुढचा भाग ऐकण्यासाठी मुले शाळेत धावत येतात. छडीने जे झाले नव्हते, ते गोष्टीने होते.

मग हा शिक्षक आणखी एक धाडस करतो. मुलांनी पाठ्यपुस्तकांवर खर्च करायच्या पैशांतून तो गोष्टींची पुस्तके घेतो आणि वर्गाचे छोटे वाचनालय सुरू करतो. यामागचा हिशोब तुम्हीच करून पाहा. एका वर्गात चाळीस मुले आहेत आणि चाळीस जणांनी एकच पुस्तक विकत घेतले, तर त्या वर्गात पुस्तके चाळीस, पण वाचायला मजकूर एकाच पुस्तकाचा. तेच चाळीस जणांनी चाळीस वेगवेगळी पुस्तके आणली, तर प्रत्येकाला चाळीस पुस्तके वाचायला मिळतात. खर्च तेवढाच, पण संपत्ती कितीतरी पटींनी वाढते.

हे सर्वांना पटत नाही. काही पालक कुरकुर करतात. शाळेतील इतर शिक्षक थट्टा करतात. हा शिकवत नाही, नुसत्या गोष्टी सांगतो, असे म्हणतात. पण वर्गातील मुले हळूहळू बदलतात. ती पुस्तके घेऊन मन लावून वाचत बसतात, नाटके करतात, खेळातून व्याकरण शिकतात, स्वच्छ राहू लागतात. वर्षाच्या शेवटी वर्गाची प्रगती पाहून अधिकारीही खूश होतात.

या पुस्तकातील एक गोष्ट मला तुम्हांला मुद्दाम सांगावीशी वाटते. पहिल्या दिवशी फजिती झाली, हे गिजुभाईंनी लपवून ठेवले नाही. त्यांच्या स्वप्नातला शिक्षकसुद्धा आधी हरतो. चूक मुलांची आहे, असे तो म्हणत नाही. आपली रीत चुकली, असे म्हणून तो नवी रीत शोधतो. मूल वाचत नाही, तेव्हा दोष मुलाच्या डोक्यात नसून त्याला दिलेल्या पुस्तकात किंवा पुस्तक देण्याच्या रीतीत असू शकतो. गिजुभाईंच्या साऱ्या कामाचे सार यातच आहे.

गिजुभाईंचे काम गुजरातपुरते राहिले नाही. १९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला आल्या आणि त्यांच्या सहकारी झाल्या. ताराबाई मराठी, पण गिजुभाईंकडून शिकण्यासाठी त्या गुजरातीत रमल्या. १९२५ मध्ये भावनगरला बालशिक्षकांना तयार करणारे अध्यापन मंदिर सुरू झाले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ नावाचे मासिक निघू लागले. मुलांना मारू नका, घाबरवू नका, त्यांना स्वतः करू द्या, हा विचार त्यातून घरोघरी पोचला. पुढे ही पत्रिका मराठीतही निघू लागली.

नंतर ताराबाई महाराष्ट्रात परतल्या. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईला दादर येथे शिशुविहार सुरू केले. १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात त्यांनी खेड्यातील गरीब मुलांसाठी काम उभारले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात अंगणवाडी आहे ना? तुमच्यापैकी कित्येक जण लहानपणी तेथे बसून गाणी शिकले असतील. त्या अंगणवाडीच्या कल्पनेचे एक मूळ बोर्डीला आहे आणि त्या मुळाचा एक धागा थेट भावनगरच्या बालमंदिरापर्यंत जातो.

गिजुभाईंनी अहोरात्र काम केले. शिकवणे, लिहिणे, शिक्षक तयार करणे, गावोगावी जाऊन पालकांशी बोलणे. विश्रांती म्हणून नव्हती. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. तरीही त्यांचे काम थांबले नाही. राजकोटला त्यांनी पुन्हा अध्यापन मंदिर सुरू केले. पण शरीर थकले होते. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

त्याच वर्षाच्या शेवटी डॉक्टर माँटेसरी पहिल्यांदा भारतात आल्या. त्यांच्या एका पुस्तकातून उजेड घेऊन ज्याने आपले घरदार मुलांच्या शिक्षणाला वाहिले, तो त्यांचा थोर अनुयायी त्यांचे स्वागत करायला उरला नव्हता. मात्र त्याने लावलेली रोपे ठिकठिकाणी वाढत होती.

मुलांनो, आता थोडे तुमच्याविषयी. तुमच्या घरी उर्दू बोलली जाते. उर्दूत तुम्ही भराभर वाचता. मराठी पुस्तक हाती आले की मात्र काही जण बिचकतात. जोडाक्षर अडते, अर्थ लागत नाही, मग पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते. अशा वेळी गिजुभाईंची रीत आठवा. मोठे पुस्तक बाजूला ठेवा. शाळेच्या वाचनालयातून अगदी लहान, चित्रांचे पुस्तक घ्या. त्यातही ओळखीची गोष्ट शोधा. शेखचिल्लीची, बिरबलाची, अलीबाबाची गोष्ट तुम्ही उर्दूत ऐकलीच आहे. तीच मराठीत वाचून पाहा. गोष्ट ओळखीची आहे, म्हणून शब्दही ओळखीचे वाटू लागतील. पुस्तक आवडले नाही, तर परत करा आणि दुसरे घ्या. आपल्या आनंदासाठी वाचताना कोणी गुण देत नाही आणि कोणी गुण कापतही नाही.

तुमच्या घरी लहान भाऊबहीण असतील. त्यांना अभ्यास कर, वाचायला बस, असे ओरडू नका. संध्याकाळी त्यांना जवळ घ्या आणि एखादी गोष्ट सांगा. गोष्ट ऐन रंगात आली की थांबा. उरलेली गोष्ट या पुस्तकात आहे, एवढेच सांगा आणि पुस्तक त्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवून उठा. थोड्या वेळाने दाराआडून हळूच पाहा. एखादे छोटे बोट ओळीवरून सरकताना तुम्हांला दिसेल.

स्वाध्याय

१. गिजुभाईंना लोक मूछाळी मा का म्हणत?

२. मुलगा जन्मल्यावर गिजुभाईंना कोणती चिंता वाटू लागली?

३. पॉलिश पेपरच्या अक्षरांवरून मुले अक्षरे कशी शिकत, ते तुमच्या शब्दांत सांगा.

४. चाळीस मुलांनी चाळीस वेगवेगळी पुस्तके घेतली, तर काय फायदा होतो?

५. उपक्रम : तुमच्या नानीकडून किंवा दादीकडून एक कहाणी ऐका. ती मराठीत लिहा, तिला चित्रे काढा आणि वर्गातील सर्वांच्या कहाण्या एकत्र शिवून वर्गाचे एक पुस्तक तयार करा.